अर्धी जाळी, अर्धी बाज

विहीणबाई,

तुम्ही गेलात त्या दिवशी माझी मुलगी ज्या आवाजात रडली, तो आवाज मी आजवर ऐकला नव्हता. मी शेगावहून पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात आणून ठेवलं होतं, बाया भोवती बसल्या होत्या आणि स्वाती तुमच्या पायांवर डोकं टेकून ओरडत होती. सातवा महिना लागलेली पोर, तिला धड वाकताही येत नव्हतं. मी तिला मागून धरलं, तर तिनं माझा हात झटकला. त्या घडीला मला तुमच्यासाठी रडू यायला हवं होतं. ते आलं, पण नंतर. आधी मनात आलं ते हे, की मी मेल्यावर ही एवढी रडेल का?

खरं तेच सांगते. तुम्ही असताना तोंडावर गोड बोलून पुष्कळ झालं. विहिणी-विहिणींनी कसं बोलावं याची एक रीत असते, ती आपण दोघींनी सांभाळली. आता तुमची तेरवी झाली, मांडववाला कनाती गुंडाळून गेला, आणि मला रीतीचा कंटाळा आला आहे. मी तुमच्यावर जळत होते. अजून जळते आहे. तुमच्या फोटोला हार घातला तो माझ्याच दुकानातला होता, मीच गुंफला होता, आणि गुंफतानाही पोटात दुखत होतं.

सुरुवात लग्नातच झाली. मुलीच्या आईनं वरमाईचे पाय धुवायचे म्हणून मी परात घेऊन खाली बसले. लोक बघत होते, मी चांगलं निगुतीनं करत होते. तुम्ही वाकून म्हणालात, "पुरे व इहीनबाई, पानी नका सांडू. आमच्याकडे पान्याचे हाल हायेत." सगळा मांडव हसला. माझी स्वातीसुद्धा, हळद लावलेली, मुंडावळ्या बांधलेली, खुदकन हसली. त्या दिवसापासून मी तुमच्यावर खार खाऊन होते.

आमच्या घरात अंडं येत नाही. चातुर्मासात लसूण बंद. त्या घरात वाढलेली स्वाती पाल दिसली की पलंगावर चढायची. आणि तुमच्या घरी येऊन वर्ष होत नाही तोवर ती खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून अंडी चाचपायला लागली. मला फोनवर सांगायची, "मम्मी, अंडं उजेडासमोर धरलं का आतली नस दिसते." कोणी दाखवलं? आईंनी. ठेच्यात मिरची भाजायची का तळायची, हे कोणी ठरवलं? आईंनी. दर दोन वाक्यांआड तुम्ही. मी पलीकडून "हो का, वा" करायची आणि फोन ठेवला की दुकानातल्या नारळांची उगाच फेकाफेक करायची.

पण गेल्या चैत्रात एक गोष्ट माझ्या बाजूनं घडली. स्वातीनं स्वतः अंडी निवडून, स्वतः कोंबडी बसवून काढलेली पिल्लं घारीनं नेली. एकेक करून, दिवसाउजेडी, तिच्या डोळ्यांदेखत. आणि तिनं रडत फोन केला तो मला. पिल्लांचं वाईट वाटलंच, पण फोन मला आला याचा आनंद मोठा होता. रडायला तिला अजून मीच लागते, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलं. आमच्या शेजारच्या बियाणंवाल्याकडे हिरव्या जाळीचा एक उरलेला तुकडा पडून होता, रोपांवर सावलीला बांधतात तसला. तो त्यानं जवळजवळ फुकटच दिला. दुकानाला कुलूप लावून, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन मी पहिली गाडी पकडली. संग्रामपूरला उतरून काळीपिवळी केली. काखेत जाळीचं बोचकं. मी पोचले की स्वाती पळत येऊन गळ्यात पडणार, हे सगळं मी गाडीतच पाहून घेतलं होतं.

पोचते तर काय, तुम्ही परसात कोंबड्यांच्या वाड्याच्या चारी कोपऱ्यांना बाभळीच्या मेढी रोवून मोकळ्या झाला होतात. तुराट्यांचं कुंपण आधीपासून होतंच, वर आभाळ तेवढं उघडं होतं. शेतातलं ठिबक बदललं म्हणून जुन्या नळ्या बांधावर पडून होत्या, खारींनी कुरतडलेल्या, भंगारवाल्यानंही तोंड वाकडं केलेल्या. त्यांचा ढीग तुम्ही परसात आणवला होता. आणि स्वाती? तिचं रडं केव्हाच थांबलं होतं. पदर खोचून ती नळ्या पुसत बसली होती. मला बघून म्हणाली, "आली काय मम्मी? त्या दगडावर बस, चिखल आहे."

मी बोचकं सोडलं. तुम्ही जाळीचं टोक दोन बोटांत धरून उचललंत आणि म्हणालात, "इहीनबाई, हे तं मांडो दिसते. कोंबड्याइचं लगन लावाचं हाय काय?"

"घार वरून पाहते," मी म्हटलं. "तिले आतलं दिसलंच नाही पाहिजे. दिसलं नाही तं येईनच कायले?"

"दिसू द्या ना तिले. दिसलं अन् भेटलं नाही, मंग थे दुसरं गाव पाहते."

मी हट्टाला पेटले. म्हटलं, नळ्यांच्या भोकांतून शिकरा शिरेल. तुम्ही म्हणालात, शिकरा येऊ द्या, त्यालाही पाहू. मी म्हटलं, उन्हात कोंबड्या करपतील. तुम्ही म्हणालात, हवा बंद झाली तर शिजतील. स्वाती एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. शेवटी ठरलं काहीच नाही. तुम्ही तुमच्या टोकानं सुरू केलंत, मी माझ्या.

तुमच्या माहेरी खाटा-बाजा विणायचे, हे मला त्या दिवशी कळलं. बांबूंची चौकट जमिनीवर मांडून तुम्ही आणि स्वाती समोरासमोर बसलात. आधी उभ्या नळ्या ताणून घेतल्या. मग आडवी नळी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. चार बोटांचं अंतर, घारीला आत शिरता येणार नाही असं. एका टोकाला हातभर जागा मोकळी सोडून तिथं दोरी नागमोडी ओवलीत, बाजेच्या पायथ्याला ओवतात तशी. उन्हानं नळ्या मऊ पडल्या, विणकाम झोळ खाऊ लागलं, की तेवढी दोरी ओढायची, सगळं पुन्हा ताठ. सोपी युक्ती. घरातली बाज कसणारी कोणतीही बाई करील. पण कोंबड्यांवर बाज पालथी घालावी हे तुम्हालाच सुचलं.

मी एका ड्रमवर चढून माझी जाळी बांधत होते आणि वरून तुम्हा दोघींना बघत होते. तुम्ही नळी पुढं सरकवायचात, ती पलीकडून घ्यायची. "धर" नाही, "सोड" नाही. तुमचा हात थांबला की तिचा चालायचा. मध्येच तिनं तुमच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या पदरानं पुसला आणि तुम्ही मान वर न करता पुसू दिलात. विहीणबाई, स्वाती माझ्या दुकानात कॉलेज संपेपर्यंत हार गुंफायला बसत होती. माझ्याकडे पाठ करून, मांडीवर पुस्तक ठेवून बसायची. सुई लागली तरी सांगायची नाही. आमचे दोघींचे हात असे कधी चालले नाहीत. त्या ड्रमवर उभं राहून माझा नुसता जळफळाट झाला. जाळीच्या गाठी मी इतक्या कचकचून मारल्या की पुढं त्या कोणाला सुटल्या नाहीत.

आणि ते पाणी. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही माझ्या आईची रीत. मी ती पाळत आले, तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही कधी आग्रह केला नाहीत. त्या दिवशी बाटली दुपारच्या आधीच संपली. ऊन रणरणतं. मला ड्रमवरच गरगरायला लागलं. तुम्ही कुंपणाच्या फटीतून शेजारच्या नसीमबीकडे गेलात आणि तिचा जर्मनचा तांब्या भरून आणलात. "घ्या. नसीमबीच्या घरचं हाय. तुमची रीत शाबूत." मी घटाघटा प्यायले. तेव्हाही मनात म्हटलंच, बाईला सगळं कसं सुचतं!

तेरवीच्या पंगतीला मी माझ्या पाण्याची बाटली घेऊन बसले होते, नसीमबी शेजारी होती. डोळे पुसत म्हणाली, "बाई, त्या दिवशी आमच्या घरात पानी होतंच कुठं? नळ आलाच नव्हता. त्याइनं खाली तांब्या मांगतला. म्हने, नसीम, तुहा तांब्या दे, पानी माह्या रांजनातलं घेते. मी म्हटलं, आक्का, हे बराबर हाय क्या? तं म्हने, उसको क्या मालूम पडता, तांब्या तुहाच हाय ना." मी तोंडाला पदर लावला. बायांना वाटलं मी रडते आहे. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मला हसू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. माझ्या आईची एवढी वर्षं सांभाळलेली रीत तुम्ही एका तांब्यात बुडवलीत, आणि तीही मला चक्कर येऊ नये म्हणून.

संध्याकाळी वाड्यावर छत चढलं. तुमची चौकट उचलायला जावईबापू आले, नसीमबी आली, मलाही हात लावावा लागला. मधोमध एक बांबू आला. अलीकडे माझी हिरवी जाळी, पलीकडे तुमची नळ्यांची बाज. स्वातीला विचारलं, सांग, कोणतं चांगलं? ती म्हणाली, "दोन्ही राहू द्या." इतकी समजूतदार ती आमच्या घरी नव्हती.

पुढं निकाल लावायचं काम आपण कोंबड्यांवर सोपवलं. त्या जिथं बसतील ते खरं. मी आले की तुम्ही मला आधी परसात न्यायचात. "पाहा इहीनबाई." आणि दर वेळी कोंबड्या तुमच्या बाजेखाली. कोंबडासुद्धा ऐटीत तिकडेच. माझ्या जाळीखाली एखादी आजारी, पिसं गळालेली कोंबडी डोळे मिटून बसलेली असायची. मी म्हणायची, आज ढग आहेत म्हणून. किंवा, आज वारा आहे म्हणून. तुम्ही "हाव, हाव, असंन" म्हणायचात. तुमचं ते "असंन" माझ्या नाकाला मिरच्या झोंबवायचं.

वैशाखात वावधानाचं वारं सुटलं, तेव्हा माझ्या जाळीची एक बाजू फडफडून सुटली. तुमचा फोन आला, "तुमचा मांडो उडून राह्यला, या धराले." मी आले. काठाला जुन्या साडीची पट्टी दुमडून शिवली आणि पुन्हा बांधली. तुम्ही खाली बसून दोरा ओवून देत होतात, कारण मला चाळीशीशिवाय दिसत नव्हतं आणि चाळीशी मी शेगावलाच विसरले होते. तेव्हा तुमची बाजही झोळ खाऊन लोंबत होती. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "ही तं पाळण्यावानी झाली." तुम्ही उठलात, गुडघ्यावर हात ठेवून, आणि दोरी खेचलीत. बाज ताडकन ताठ झाली. निंबाच्या वाळक्या काड्या टपटप खाली पडल्या आणि स्वातीनं टाळी वाजवली. मी उरलेला टाका घातला आणि दोरा दातानं तोडला.

एवढं मात्र आज कबूल करते की त्यानंतर घारीनं एकही पिल्लू नेलं नाही. ते जाळीनं वाचलं की बाजेनं, हा वाद आपला राहिलाच.

गणपतीत बातमी कळली, स्वातीला दिवस गेले. आणि आपला खरा वाद सुरू झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कोणाला सांगावं लागतं का? मी संक्रांतीला तिळाचे लाडू घेऊन आले ती याच बेतानं, की स्वातीला केव्हा न्यायचं ते ठरवून टाकू. तुम्ही कोंबड्यांना पाणी ठेवत होतात. वर न बघता म्हणालात, "दवाखाना तुमच्या शेगावचाच धरू. पन तिथून पोरगी इकडेच आनू. इथं हवा हाय, घरचं दूध हाय, मी हाय."

"मंग मी नाही काय?"

"तुमाले दुकान हाय ना."

"दुकानाले कुलूप लावता येते!"

मी ओरडलेच. कोंबड्या बिचकून एका कोपऱ्यात गोळा झाल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "पोरीले विचारा. मले काऊन विचारता?"

मी नाही विचारलं. काय उत्तर येईल याची धास्ती होती. घरात स्वाती चहा गाळत होती, तिला "येते गं" म्हणून मी तशीच निघाले. तुमचा निरोप घेतला की नाही, ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही. त्यानंतर फोनवर तेच. तुम्ही विचारायचात, "ठरलं काय तुमचं?" मी म्हणायची, "आमचं ठरलेलंच हाय, तुमचं सांगा." फाल्गुन निम्मा झाला आणि एका सकाळी चहाचं आधण ठेवून तुम्ही भिंतीला टेकून बसलात, त्या बसलातच. मला फोन आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही नवी युक्ती दिसते बाईची.

तेरवीच्या दुपारी पाहुणे पांगले. पुरुषमाणसं ओसरीवर आडवी झाली. स्वाती दिसेना म्हणून शोधत परसात गेले, तर ती मधल्या बांबूपाशी उलट्या घमेल्यावर बसली होती. ऊन चांगलंच तापलं होतं. आणि सगळ्या कोंबड्या, कोंबड्यासकट, माझ्या जाळीखाली. पंख सैल सोडून, मातीत अंग घुसळत. तुमच्या बाजेखाली एकही नाही. विहीणबाई, मला राहवलं नाही. सुतकाचं घर, पोर रडून सुजलेली, तरी तोंडून गेलंच.

"पाह्य व स्वाती. सगळ्या माह्या जाळीखाली."

ती एकदम हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. "मम्मी, त्या रोजच तिथं बसतात. ऊन लागते ना. तू येऊन राह्यली असं समजलं का आई सकाळीच बाजेखाली ज्वारी टाकत. अन् तुही काळीपिवळी वाजली का अजून एक मूठ."

वर्षभर मी ढगांना आणि वाऱ्याला दोष दिला होता. बरं, दाणे टाकायची ही साधी गोष्ट मला का सुचली नाही? माझ्या पदराला प्रसादाचे तांदूळ कायम बांधलेले असतात.

"पण एवढं कायले कराचं त्याइनं?" मी विचारलं. "सगळं तं त्याइच्याच बाजूनं होतं."

स्वाती हसायची थांबली. म्हणाली, "तुले माहीतच नाही मम्मी. तुहा फोन आला का त्या उठून इकडे येत. काही काम नसे. उगाच ते दोरी ओढत बसत. चांगली ताठ असली तरी. मी एक डाव विचारलं, काय झालं आई? तं म्हने, तुही माय तुले फोनवर हसवते तशी मले नाही हसवता येत."

मी स्वातीला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून ऐकवते. नारळ कानाशी धरून हलवत तासभर निवडणारे, हाराची फुलं मोजणारे. ती हसते, बस्स. त्यात काय मोठं आहे, मला कधी वाटलं नव्हतं. आणि तुम्ही इकडे चुलीपुढून उठून परसात जात होतात. तुम्ही! माझ्यावर जळत होतात! बाई, हे एकदा तरी मला दिसू द्यायचं होतं. मी किती सुखानं झोपले असते.

मग जे संक्रांतीपासून विचारलं नव्हतं ते विचारलं. "बाळंतपनाचं काय कराचं, स्वाती?"

"त्याचं काय? येते ना मी शेगावले. आईंनी केव्हाचंच ठरवलं होतं. दुपटी शिवून पिशवी भरून ठेवली. म्हने, पह्यलं बाळातपन मायच्या घरी, थो तिचा हक्क हाय, तू जाजो."

"मंग माह्यासंगं भांडत कायले होत्या?"

"मीही हेच विचारलं त्याइले. तं म्हने, भांडल्याबिगर कशी देऊ तुले? फुकटची हायेस काय?"

मी तिला जवळ घेतलं. या वेळी तिनं हात झटकला नाही. आम्ही दोघी तिथंच बसून तुमच्यासाठी रडलो, आणि खरं सांगते, त्यातलं माझं रडं सगळं तुमचंच होतं, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. माझ्या पोरीची किंमत माझ्याएवढीच ओळखणारं एक माणूस या जगात होतं. त्या माणसाशी मी हवेवरून, सावलीवरून, पाण्याच्या घोटावरून झगडत बसले आणि त्या झगड्यात मला केवढा आधार होता, हे मला तुमच्या तेराव्याला कळावं?

उद्या स्वातीला घेऊन निघते. कोंबड्या नसीमबी बघेल. माझ्या हातचं खाताना पोर म्हणेलच, आईंच्या हातची चव वेगळी होती, आणि माझ्या पोटात दुखेलच. दुखू दे. तिचं सगळं मी मन लावून करीन, त्यात तुम्हाला नाव ठेवायला जागा राहणार नाही. पण सव्वा महिना झाला की तिला आणि बाळाला परत द्यायचं आहे, आणि मी तरी फुकट कशी देऊ? मी म्हणायचं, अजून महिनाभर राहू द्या, बाळ लहान आहे. तुम्ही म्हणायचं, पुरे झालं इहीनबाई, घर सुनं पडलं. मी आवाज चढवायचा, तुम्ही "असंन" म्हणायचं. आता न्यायला जावईबापू एकटेच येतील. भला माणूस, तुमच्यासारखी जीभ नाही त्याला. मी दारात आडवी उभी राहून म्हणेन, नाही पाठवत मी इतक्यात. आणि तो चपला न काढता, खाली बघत म्हणेल, "ठेवा मम्मी. तुमचीच हाय ते."